घोळ माझा की निसर्गाचा? (बायोइन्फर्मेटिक्समध्ये, म्हणजे संगणकावरच्या जीवशास्त्रात, रमलेल्यांसाठी धागा)

मुळशीकर | शुक्रवार, रात्री १०:४२

भाची सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा घरी आली होती. थोडा वेळ माझ्या खांद्यावरून लॅपटॉपकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, पंधरा वर्षं तू या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं वाचतोयस. कंटाळा नाही येत?" मी "आवडतं गं" म्हणून वेळ मारून नेली. ती गेली, प्रश्न राहिला. का आवडतं?

'दोन शास्त्रांचा संगम' वगैरे माहितीपत्रकातली उत्तरं नकोत. माझं उत्तर एका फजितीत आहे, तीच सांगतो.

नोकरीचं दुसरं वर्ष. मातीतून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूचा जीनोम, म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला त्याचा सगळा डीएनए, जुळवायचं काम माझ्याकडे होतं. यंत्र जीनोम सलग वाचून देत नाही. शंभर-दीडशे अक्षरांचे लाखो तुकडे हातात ठेवतं, आणि कोणता तुकडा कोणावर चढतो ते बघून सलग मजकूर आपण उभा करायचा. ते करताना मुख्य जीनोमपासून सुटा असा एक छोटा तुकडा निघाला. लांबी ५,३८६ अक्षरं. बाकी जीनोममधली प्रत्येक जागा सरासरी ऐंशी वेळा वाचली गेली होती, हा तुकडा मात्र हजारो वेळा. छातीत धडधड. जिवाणूच्या पोटातला विषाणू! नवा! मी त्याचं नावसुद्धा ठरवून टाकलं (गावावरून. सांगणार नाही).

रात्री साडेअकराला ब्लास्ट लावलं. हातातला क्रम जगभरच्या नोंदवलेल्या क्रमांशी ताडून बघणारं हे आमचं रोजचं हत्यार. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: फाय-एक्स-१७४, शंभर टक्के जुळणी. म्हणजे फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने १९७७ मध्ये ज्याचा सगळा जीनोम वाचला, तो विषाणू. डीएनएचा संपूर्ण वाचलेला पहिलाच जीनोम. माझ्या मातीत तो नव्हताच. यंत्र नीट वाचतंय ना हे तपासायला त्याचा डीएनए नमुन्यात मुद्दाम थोडा मिसळतात, आणि तो गाळून टाकायला मी विसरलो होतो. पुढे २०१५ साली शोधनिबंध आला, की सार्वजनिक डेटाबेसमधल्या हजाराहून जास्त जिवाणूंच्या जीनोममध्ये हा पाहुणा तसाच मुक्कामाला आहे. जरा बरं वाटलं.

पण त्या अर्ध्या मिनिटात जे वाटलं होतं ते अजून वाटतं. पडद्यावर काहीतरी विचित्र दिसतं आणि कळत नाही, हा घोळ माझा की निसर्गाचा? दहातल्या नऊ वेळा माझाच असतो. दहाव्या वेळेच्या आशेवर बसलोय. तुमचं काय?

कडू कारलं | शुक्रवार, रात्री ११:०५

दहाव्या वेळी तो तिसऱ्याच माणसाचा असतो. सविस्तर लिहितो, आधी क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) मेलेला जॉब परत लावून येतो.

शेवटचा बाक | शुक्रवार, रात्री ११:३०

मी एफ.वाय.ला आहे. वाचायला मजा आली, पण "जुळवणं", "ताडणं" म्हणजे नक्की करता काय? चार अक्षरांच्या लांबलचक माळा बघून कोणाला काय कळतं?

पाठभेद | शनिवार, सकाळी ७:१५

मी या क्षेत्रातली नाही. माझं आयुष्य पोथ्यांमध्ये गेलं, नवऱ्याचं जीनोममध्ये. लग्नानंतर तीन वर्षांनी आमच्या लक्षात आलं की आम्ही दोघं एकच काम करतो.

शेवटचा बाक, असं बघा. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ एवढा काळ चालली होती. १,२५९ हस्तलिखितं. लेखनिक पोथी उतरवताना कुठे अक्षर चुकतो, कुठे ओळ गाळतो, कुठे पदरचा श्लोक घुसवतो. त्याच्या पोथीवरून पुढे ज्या पोथ्या उतरवल्या गेल्या त्या सगळ्यांत ती चूक जशीच्या तशी येते. म्हणून दोन पोथ्यांत एकच चूक दिसली की आम्ही म्हणतो, या एका घराण्यातल्या. बरोबर पाठावरून घराणं कळत नाही, कारण बरोबर तर सगळ्यांकडेच असतं! घराणं कळतं ते चुकांवरून. नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती अशाच प्रती समोर ठेवून.

डीएनए हीही उतरवून घ्यायचीच पोथी. पेशी उतरवते, चुकते, आणि ती चूक वंशात पुढे जाते. माणूस आणि चिंपांझी, किंवा विषाणूचे दोन प्रकार, एका शाखेवर ठेवायचे की वेगळ्या, हे समान चुकांवरून ठरतं. दोन पाठ शेजारी ठेवून कुठे अक्षर बदललं, कुठे गळलं ते ओळीत लावायचं, याला हे लोक अलाइनमेंट म्हणतात. आम्ही संहिता-तुलना म्हणतो. १९९८ मध्ये तर चॉसरच्या इंग्रजी काव्याच्या हस्तलिखितांवर जीवशास्त्रातलंच उत्क्रांतीवृक्षाचं सॉफ्टवेअर चालवलं होतं. नवऱ्याने तो निबंध मला लग्नाच्या वाढदिवसाला छापून दिला. (साडी नव्हती. नोंद असावी.)

मुळशीकर, तुमचा फाय-एक्स म्हणजे आमच्याकडे पोथीत सापडणारं किराण्याच्या हिशोबाचं पान.

मुळशीकर | शनिवार, सकाळी ७:५०

पाठभेदताई, दंडवत! 'घराणं कळतं ते चुकांवरून'. हे मी आता वर्गात वापरणार, नाव न घेता.

जुनी हार्डडिस्क | शनिवार, सकाळी ९:२०

निवृत्त माणूस, वेळ भरपूर, तेव्हा लांबण लावतो.

आम्ही शिरलो तेव्हा या विषयाला घरचे लोक 'ते कॉम्प्युटरचं' एवढंच म्हणत. पुणे विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या अखेरीस केंद्र सुरू झालेलं होतं, विषाणूंच्या माहितीचं काम चाले. जनुकक्रमांचा डेटाबेस सीडीवर यायचा. ती आली की घरी गणपती आल्यासारखी गर्दी. ब्लास्ट १९९० मध्ये आलं, पण आमच्याकडे ब्राउझर कुठला? ई-मेलमध्ये क्रम टंकायचा, अमेरिकेतल्या एनसीबीआय या जनुकक्रम सांभाळणाऱ्या केंद्राच्या सर्व्हरला पाठवायचा, आणि उत्तरही ई-मेलनेच. तोवर चहा, कधी जेवण, कधी थेट दुसरा दिवस. मुळशीकरांची अर्ध्या मिनिटाची धडधड आम्ही रात्रभर भोगलेली आहे.

आणि मुलांनो, हे कुठल्या दूरदेशीचं शास्त्र समजू नका. त्याच १९९० साली अशोक कोळस्कर आणि टोणगावकर या दोघांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रथिनाचा नुसता क्रम पाहून, आपली प्रतिकारशक्ती त्यातला कोणता भाग ओळखेल याचा अंदाज बांधायचा. प्रयोगाने सिद्ध झालेले तुकडे गोळा केले आणि त्यात कोणती अमिनो आम्लं (प्रथिनाच्या माळेतले मणी) जास्त वेळा येतात ते मोजलं. सिस्टीन, ल्युसीन, व्हॅलीन ही प्रथिनाच्या पृष्ठभागावर आली तर लक्ष ठेवा, असं निघालं. अचूकता सुमारे ७५ टक्के. कागदावर मांडता येईल इतकं साधं गणित. अमेरिकेतल्या आयईडीबी या संकेतस्थळावर आज जा, पर्यायांच्या यादीत ही दोन मराठी आडनावं दिसतील. कोळस्कर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मला तर कुलगुरूपदापेक्षा ती यादी मोठी वाटते.

मला काय आवडायचं? मोजणं. दुसरं काही नाही. मार्गारेट डेहॉफ या बाईंनी १९६५ मध्ये तोवर माहीत असलेल्या ६५ प्रथिनांचे क्रम एका पुस्तकात आणले. जगातली सगळी प्रथिनं एका पुस्तकात! अमिनो आम्लांना एकेक अक्षर देण्याची पद्धतही त्यांचीच, पंचकार्डावर जागा कमी लागावी म्हणून. ग्लुटामीनला क्यू, ट्रिप्टोफॅनला डब्ल्यू. विषय मोठा व्हायच्या आधी कोणीतरी बसून नीट यादी केली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. यादी करणाऱ्यांचे पुतळे होत नाहीत.

वऱ्हाडी ठेचा | शनिवार, सकाळी ११:०२

हार्डडिस्क काका, ती एक अक्षराची लिपी २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, अख्ख्या महाराष्ट्राने वाचली, फक्त कोणाला माहीत नव्हतं. मार्चमध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने सांगितलं, महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर वाढताहेत. टीव्हीवाल्यांनी 'डबल म्युटंट' करून टाकलं. अरे बाप्पा, त्याचा अर्थ इतकाच की काट्याच्या प्रथिनात ४५२ व्या जागी एल होता, तिथे आर आला. ल्युसीन जाऊन आर्जिनीन. डेहॉफबाईंची अक्षरं! त्याच कुळातल्या एका फांदीला ३१ मे २०२१ ला डेल्टा नाव पडलं. २९,९०३ अक्षरांची पोथी आणि तिच्यात दोन-चार पाठभेद, पण आमच्या वॉर्डात खाटा पुरल्या नाहीत. तेव्हा मजा वगैरे काही नव्हती. पण रात्री दोनला घरी येऊन मी तो वंशवृक्ष उघडून पाहत बसायचो. काहून? माहीत नाही. दिवसभर जे अंगावर येत होतं ते तिथे निदान ओळीत लावलेलं दिसायचं.

मी पॅथॉलॉजीवाला आहे, नागपूरचा. विदर्भात आम्हाला सिकलसेल रोजचा. रक्ताची काच लावली की विळ्यासारख्या लाल पेशी. निदानाला जीनोम लागत नाही, सॉल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या चाचण्यांवर भागतं. तरी एकदा हौस म्हणून बीटा ग्लोबिनचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या जनुकाचा, क्रम डाउनलोड केला आणि तो बदल स्वतःच्या डोळ्यांनी पाह्यला. आठ वर्षं रोज पाहत होतो त्या रोगाचं मूळ एक अक्षर! त्या अक्षराच्या आजूबाजूचा मजकूरही बोलतो. आपल्याकडच्या रुग्णांत ती जी ठेवण असते तिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन पुढेही बऱ्यापैकी टिकतं, म्हणून आफ्रिकेतल्या काही ठेवणींपेक्षा आजार सौम्य असतो म्हणे. 'म्हणे' अशासाठी की आमच्या ओपीडीत हाडं दुखतात म्हणून रडणाऱ्या पोरांना हे पुस्तक वाचून दाखवता येत नाही.

शेवटचा बाक, तुला गृहपाठ. जनुकाची सुरुवात देतो, तीन-तीन अक्षरांचे गट पाडून. एक गट म्हणजे एक अमिनो आम्ल. पहिली ओळ निरोगी, दुसरी सिकलसेलची:

एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीएजी जीएजी
एटीजी जीटीजी सीएटी सीटीजी एसीटी सीसीटी जीटीजी जीएजी

फरक शोध. कितवं अक्षर, आणि कितवं अमिनो आम्ल बदललं ते सांग. पुस्तकाशी ताडून पाहा.

कडू कारलं | शनिवार, दुपारी १:४०

आलो. जॉब पुन्हा मेला, तेव्हा आता मनापासून लिहितो.

सगळे फार गोड बोलताय म्हणून थोडं कारलं वाढतो. या कामातला निम्म्याहून जास्त वेळ दुसऱ्याची खोली आवरण्यात जातो. मागे एका ठिकाणी (नाव नको) मला एक्सेलची फाइल आली. काही चौकटी पिवळ्या, काही हिरव्या, एक गुलाबी. विचारलं, रंगांचा अर्थ काय? उत्तर: "पिवळे पेशंट असावेत. हिरवे त्या मुलीने केले होते, ती सोडून गेली." गुलाबी आजतागायत कळलेला नाही.

एक्सेलचा महिमा अगाध. सेप्ट-२ नावाचं जनुक लिहिलं की ते त्याची '२ सप्टेंबर' करतं, मार्च-१ ची '१ मार्च'. गंमत नाही. २०१६ च्या एका पाहणीत असं आढळलं की जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात असली नावं होती. शेवटी २०२० मध्ये माणसांनी हार मानून जनुकांचीच नावं बदलली: सेप्टिन-२, मार्च-एफ-१. एक्सेलला हे रूपांतर बंद करायची सोय द्यायला २०२३ उजाडलं.

मग मोजणी. संगणकवाले शून्यापासून मोजतात, जीवशास्त्रवाले एकापासून, आणि आमच्या फाइलींचे निम्मे प्रकार यांचे, निम्मे त्यांचे. बेड फाइल शून्यापासून, जीएफएफ आणि व्हीसीएफ एकापासून. एका घराने सरकलेला निकाल पूर्ण निरोगी दिसतो, तिथेच माणूस फसतो.

आणि मान? "जरा पी-व्हॅल्यू काढून दे ना, पाच मिनिटांचं काम आहे." तीन आठवडे लागतात. निबंधात नाव मधोमध कुठेतरी, लग्नपत्रिकेतल्या 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या खालच्या बारीक अक्षरातल्या मामासारखं. पद कंत्राटी, प्रकल्प संपला की आपणही संपलो. भाचीला हेही सांगा.

कोल्हापुरी पायताण | शनिवार, दुपारी २:१५

लग्नपत्रिकेतला मामा 😂 भावा, मुजरा.

बाकी कंत्राटाचं खरं आहे. मी दोन वर्षं घरी बसून काढलीत. आजा म्हणायचा, "तुझं ते बायो काय हाय, त्याच्यापेक्षा ऊस लाव." मी म्हटलं आज्या, तुझ्या उसातच अडकलोय.

उसाचं सांगतो, कारण त्याच्यासारखा नाठाळ जीनोम क्वचित मिळेल. माणसाचा ३.१ अब्ज अक्षरांचा, आई-बापाकडून एकेक प्रत. आपण लावतो तो ऊस दोन जातींचा संकर. एक गोड जाडजूड, दुसरी रानटी चिवट. त्यांच्या भरपूर प्रती एकाच पेशीत. गुणसूत्रं शंभराच्या वर, सगळं मिळून साधारण १० अब्ज अक्षरं. आता वर मुळशीकरांनी तुकडे जुळवायचं सांगितलंय ना, ते इथे करून बघा. एकाच चित्राचे आठ-दहा जिगसॉचे डबे, प्रत्येक चित्रात उगाच दोन-चार ठिपके वेगळे, आणि सगळे डबे एका पोत्यात ओतलेले. तुकडा बसतो, पण सात ठिकाणी बसतो! म्हणून गहू झाला, भात तर कधीच झाला, ऊस मागेच राहिला. आर-५७० या वाणाचा तपशीलवार जीनोम २०२४ च्या मार्चमध्ये आला, तोही लांब तुकडे वाचणारी यंत्रं आली म्हणून. त्यातून तांबेऱ्याला टक्कर देणाऱ्या ब्रू-१ या जागेवरची जनुकं हाताला लागली. तांबेरा म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला समजावून सांगायला लागत नाही.

आज्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ते आर कायबाय राहू दे, ८६०३२ चं कवा करताय?" को-८६०३२ म्हणजे आमच्या भागातला घरोघरीचा ऊस. बरोबर विचारलंय त्यानं. मजा हीच. प्रश्न बांधावरून येतोय, जर्नलातून नाही.

हायडलबर्गची सून | शनिवार, संध्याकाळी ६:३३

इथे दुपार आहे, मुलगी झोपली आहे, तेवढ्यात लिहून घेते.

मी आधी पेशी वाढवायचे. पेशींना रविवार नसतो. एका गणपतीत आरती सोडून प्रयोगशाळेत गेले होते, त्यांचं माध्यम बदलायला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोटच्या पोरासारखं करतेस!" पुढे खरंच पोर झालं तेव्हा दोन्ही जमेना, आणि चार वर्षं मी घरी होते. परत आले ती या दाराने. कारण इथला माल उघड्यावर पडलेला असतो. दुसऱ्याने खर्च करून वाचलेले क्रम कोणीही उतरवून घेऊन नवा प्रश्न विचारू शकतो. डीएनए क्रमांचा पहिला सार्वजनिक डेटाबेस १९८० मध्ये याच गावात सुरू झाला, हे मला इथे राहायला आल्यावर बऱ्याच उशिरा कळलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी त्या सार्वजनिक फाइलींवर हात बसवला, आणि मुलाखतीला जाताना दाखवायला काम होतं. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशास्त्राने मला असं परत घेतलं असतं?

आता दुर्मिळ आजारांच्या मुलांचे एक्झोम बघते. जीनोमचा प्रथिनं लिहिणारा भाग तेवढा. एका मुलात संदर्भ म्हणून धरलेल्या जीनोमशी न जुळणारे सुमारे २० हजार बदल निघतात. जे बदल लोकांत सर्रास आढळतात ते गाळा, जे प्रथिनाला धक्का लावत नाहीत ते गाळा, आई-वडिलांशी ताडा. शेवटी पाच-सहा उरतात. कधी एक. कधी एकही नाही. तिथे फाइल बंद करून 'कारण सापडले नाही' असं लिहायचं, तेव्हा हात जड होतो.

पण फाइल मरत नाही. दोन वर्षांनी आम्ही ती पुन्हा चालवतो. तोच डेटा, रक्ताचा नवा थेंब नाही, मुलाला सुई नाही. फक्त मधल्या काळात जगात कुठेतरी कोणी एखाद्या जनुकाबद्दल निबंध लिहिलेला असतो. मागच्या हिवाळ्यात एक उत्तर असं आलं. तेव्हा आम्ही गाळलेल्यांतच ते होतं. उपचार नाहीत त्यावर. तरी आई फोनवर म्हणाली, म्हणजे माझ्या गरोदरपणातल्या कशामुळे झालं नाही ना? नाही, म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

कारलेराव, तुमचं सगळं मान्य. माझंही कंत्राटच आहे.

एक जोडते. 'लोकांत सर्रास' म्हणजे कोणत्या लोकांत, हा कळीचा प्रश्न. २००९ मध्ये एक काम आलं होतं: हृदयाच्या एका जनुकातली २५ अक्षरं गळलेली असण्याचं प्रमाण दक्षिण आशियाई लोकांत सुमारे ४ टक्के, आणि त्याचा हृदयाच्या स्नायूंच्या विकाराशी संबंध. युरोपीय आकड्यांत तेच शोधाल तर जवळजवळ नाहीच. म्हणून २०१९ चा इंडिजेन हा हजारभर भारतीयांच्या जीनोमचा प्रकल्प आणि नंतर जीनोमइंडियाचे १० हजार जीनोम, जे फरिदाबादच्या केंद्रात ठेवलेत, त्यांचं मला इथे बसून अप्रूप. आपल्याकडचं मूल माझ्यासमोर येतं तेव्हा माझी चाळणीच चुकीच्या मापाची असते.

पाठभेद | शनिवार, संध्याकाळी ७:१०

फक्त उत्तरेकडच्या पोथ्या बघून पाठ ठरवला तर असंच होतं. लेकीला गोड पापा.

दुपारची वामकुक्षी | शनिवार, रात्री ८:२६

सगळं छान, पण आता हे सगळं एआय करणार ना? अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने प्रथिनांचे आकार सोडवले, २०२४ चं नोबेलही झालं. मग तुम्ही काय करणार?

जुनी हार्डडिस्क | शनिवार, रात्री ९:००

झोपणार. मी निवृत्त आहे.

थट्टा सोडा. अल्फाफोल्डने २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या आकाराचे अंदाज जगापुढे ठेवले, ते अचाटच आहे. पण ते शिकलं कुठून? प्रोटीन डेटा बँकेतून. ती १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. सात! पुढे पन्नास वर्षं लोक स्फटिक वाढवत, क्ष-किरण मारत एकेक रचना त्यात टाकत गेले, आणि विचारील त्याला फुकट देत गेले. पुन्हा तेच, यादी करणारे.

मुळशीकर | शनिवार, रात्री ९:३५

शिवाय घोळ कोणाचा, या प्रश्नात आता तिसरा भिडू आला. माझा, निसर्गाचा, की मॉडेलचा? काम वाढलंय.

कडू कारलं | रविवार, रात्री १२:५५

झोप येत नाही म्हणून एक कबुली.

दोन वर्षांपूर्वी कर्करुग्णांच्या नमुन्यांचं काम होतं. कोणतं जनुक किती चालू आहे याची मोजदाद. सगळं ठीक, फक्त दोन नमुने भलत्याच गटात जाऊन बसायचे. तीन आठवडे माझाच घोळ शोधला. मग एका रात्री, असाच जागा असताना, झिस्ट बघायचं सुचलं. झिस्ट हे जनुक बायकांच्या पेशीत जोरात चालतं, पुरुषांच्या पेशीत जवळपास गप्प असतं. यादीत 'पुरुष' लिहिलेल्या नमुन्यात ते बोंबलत होतं, आणि शेजारच्या 'स्त्री'त वाय गुणसूत्राची जनुकं. नळ्यांची अदलाबदल! १४ आणि १५.

सकाळी आठ वाजता मी फोन केला. त्यांनी फ्रीझर उघडून बघितलं. खरंच होतं.

कोणी आभार मानले नाहीत, निबंधात नाव होतं तिथेच मधोमध राहिलं. पण त्या आठवड्यात मी बायकोला न सांगता दोनदा पोहे केले. एवढंच. याला आनंद म्हणायचं असेल तर म्हणा.

कोल्हापुरी पायताण | रविवार, सकाळी ८:०५

कारलं भरून तळल्यावर असंच लागतंय.

शेवटचा बाक | रविवार, सकाळी ११:४४

ठेचा सर, गृहपाठ! विसावं अक्षर, ए चा टी झालाय. जीएजी म्हणजे ग्लुटामिक आम्ल, जीटीजी म्हणजे व्हॅलीन. पण अमिनो आम्ल मला सातवं मिळतंय आणि पुस्तकात सगळीकडे सहावं लिहिलंय. चार वेळा मोजलं.

नंतर सुचलं! कडू कारलं म्हणाले तसं शून्यापासून मोजलं की बरोबर सहावं येतं. सुटलं ना?

वऱ्हाडी ठेचा | रविवार, दुपारी १२:२०

उत्तर जुळलं, कारण साफ चूक. सहावा हा आकडा १९५०च्या दशकातला. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आल्याचं १९५७ मध्ये दाखवलं ते रक्तातल्या प्रथिनाचे तुकडे करून. त्यांच्यापुढे डीएनएचा क्रम नव्हता, आणि शून्यापासून मोजायचं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मग तुझं सातवं आणि त्यांचं सहावं, मधलं एक गेलं कुठे? सांगणार नाही.

मुळशीकर | रविवार, दुपारी १२:३१

कोणीही सांगू नका रे त्याला. पाठभेदताई, यजमानांनाही आवरा.

शेवटचा बाक | सोमवार, पहाटे २:३८

मिळालं!!!

मी डीएनएवरून मोजत होतो, ते प्रथिनावरून मोजत होते. एटीजी म्हणजे मेथिओनिन. वाचायला सुरुवात तिथून होते, पण प्रथिन तयार होताना ते पहिलं मेथिओनिन पेशी कापून टाकते. तयार हिमोग्लोबिनमध्ये ते नसतंच, म्हणून व्हॅलीन पहिलं आणि आपलं सहावं. खात्री करायला निरोगी प्रथिनाच्या नोंदीत जाऊन बघितलं. तिथे पहिलं मेथिओनिन 'काढलेलं' असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे सातवंही बरोबर आणि सहावंही. घोळ माझा नव्हता!

आता अल्फा ग्लोबिनमध्येही असंच होतं का ते बघतोय.

मुळशीकर | सोमवार, पहाटे २:४१

सकाळी कॉलेज आहे ना? झोप.

शेवटचा बाक | सोमवार, पहाटे २:४२

तुम्ही का जागे आहात?